बिलापुरतं नाव

इचिकावा
१० नोव्हेंबर २०२४

प्रिय तन्वी,

फोनवर तू नुसतं हं-हं करतेस, आणि तुझ्या ऑफिसात तर फोन बाहेर कपाटात ठेवावा लागतो. म्हणून ही ईमेल. पत्र समज आणि सावकाश वाच. काल आमच्या क्लिनिकचे महिन्याचे सगळे क्लेम विम्याकडे एकदाचे गेले, त्यामुळे आज माझं डोकं जागेवर आहे.

विषय तुझ्या बाबांचा आहे. लगेच बंद करू नकोस.

मोरेश्वरकाकांना माणसं दिसतात. मागच्या रविवारी योकोहामाला त्यांच्याकडे गेले, तर दारात पाहुण्यांच्या स्लिपरांचे सात जोड मांडलेले. म्हटलं, "काका, कोण आलंय?" तर म्हणाले, "आलेलं कुणी नाही गं. दिसतात फक्त. पण दारात उभ्या राहिलेल्याला स्लिपर द्यायच्या नाहीत, हे बरं दिसत नाही. पंचेचाळीस वर्षं काढलीत इथे." चेहऱ्यावर भीती नाही, काही नाही. चहा मात्र दोघांचाच केला. ती माणसं पीत नाहीत म्हणाले.

मी त्यांना इचिकावाला आमच्या क्लिनिकमध्ये आणलं. एकच गाडी थेट येते, त्यामुळे कुरकुर केली नाही. आमच्या डॉक्टरांनी, ओबारा-सेन्सेईंनी, तासभर तपासलं. मी दुभाषी म्हणून बसले होते, पण काकांचं जपानी माझ्या दुप्पट चांगलं! सेन्सेईंनी कार्डावर एकच शब्द लिहिला, गेन्शी. म्हणजे नसलेलं दिसणं. त्यांना मेंदूच्या एका आजाराची शंका आहे, लेवी बॉडी. त्यात माणसं दिसतात, अंग हळूहळू ताठरतं, आणि बाकी डोकं बरेच दिवस शाबूत राहतं. पण तपासण्या व्हायच्यात, म्हणून त्या नावामागे 'उतागाई' लावलंय. आमच्याकडे असंच करतात, नाव लिहायचं आणि मागे 'संशयित' जोडायचं.

आपण दोघी एकच काम करतो, विम्याच्या कागदावर आजारांची नावं लावायचं, तू अमेरिकेसाठी आणि मी जपानसाठी, म्हणून तुला आमची एक गंमत सांगते. गुडघेदुखीची गोळी दिली की सोबत पोटाची देतात, आणि पोटाची विम्यात पास व्हावी म्हणून त्या माणसाला कागदावर जठराचा दाह होतो. पोट ठणठणीत असतं बिचाऱ्याचं! आम्ही त्याला बिलापुरतं नाव म्हणतो. महिना संपला की ते नाव बंद करायचं. तुमच्याकडे चालेल का असलं?

तुझी,
नेत्राताई

---

पुणे
१७ नोव्हेंबर २०२४

नेत्राताई,

बंद केली नाही, वाचली. आठ दिवस गेले एवढंच.

चालणार नाही. माझ्याकडे असा चार्ट आला तर मी गुण कापते. आता मी स्वतः कोड लावत नाही, दुसऱ्यांनी लावलेले तपासते. ओपीडीच्या चार्टमध्ये 'संशयित' लिहिलेलं नाव आम्ही उचलतच नाही. लक्षण उचलायचं. नसलेलं दिसणं म्हणजे R44.1. दिवसाला चार-पाच तरी येतात. ओहायोतल्या बाईला छतावर मांजरं, टेक्ससमधल्या म्हाताऱ्याला पलंगाशी सैनिक. आमच्याकडे नाव संशयाशिवाय लिहिलेलं असलं तर ते ठरलेलं असतं, आणि ठरलेलं नाव माणसाला जन्मभर चिकटतं. म्हणून आम्ही त्याला इतके घाबरतो.

बाबांबद्दल तू लिहिलंस आणि मला काही वाटलं नाही. हे तुला सांगायलाच हवं, कारण तू हक्काचे रविवार घालवतेस त्यांच्यासाठी. वाचताना मी मनातल्या मनात कोड लावला आणि जेवायला गेले. रागसुद्धा आला नाही.

तुला अर्धवट माहीत असेल. मी सहा वर्षांची असताना आई मला घेऊन पुण्याला आली. मराठी शाळा हवी, असं ठरलं होतं म्हणे. बाबा पुढच्या वर्षी येणार होते. ते वर्ष बत्तीस वर्षं चाललंय. वाढदिवसाला पार्सल यायचं, त्यात पेन्सिली आणि खोडरबरं. शाळेत मी श्रीमंत समजली जायचे. आई गेली तेव्हा दहाव्याला आले आणि तेराव्यानंतर गेले. का आले नाहीत, हे आईने कधी सांगितलं नाही, आणि विचारायचं वय माझं निघून गेलं.

तू विचारू नकोस. औषधपाणी बघतेस तेवढं पुष्कळ झालं.

अनिश बरा आहे. बारा वर्षांचा झाला, दार लावून बसतो.

तन्वी

---

इचिकावा
१५ डिसेंबर २०२४

प्रिय तन्वी,

नाही विचारलं. पण काका तुझ्याबद्दल विचारतात, ते तरी कळवू ना? "तन्वीचं ऑफिस अजून हडपसरलाच का?" एवढंच. मी हो म्हटलं.

इकडे थोडं बिनसलंय. पाहुणे वाढले आणि स्लिपर कमी पडल्या, तेव्हा काका खालच्या मजल्यावरच्या ओकुमुरा-सान आजींकडे मागायला गेले. एकदा नाही, एका आठवड्यात चार वेळा. आजी घाबरल्या आणि इमारतीच्या व्यवस्थापकांकडे तक्रार गेली. काका फार ओशाळले. "उसन्या स्लिपर मागणारा माणूस झालो गं मी," म्हणाले. मला हसू आलं आणि मग वाईट वाटलं.

सेन्सेईंनी अर्धी गोळी सुरू केलीय, दिसणं कमी व्हावं म्हणून. जपूनच देतात. मोठी तपासणी जानेवारीत आहे. औषधाचं सगळं मी बघितलं, तू काळजी करू नकोस. महिनाअखेरीला क्लिनिक बंद होईल. घरात सफाई आणि अनुरागच्या ऑफिसच्या पार्ट्या, एवढंच चाललंय. आमची सई आता मराठीत विचारलं तरी जपानीत उत्तर देते.

काकांना बरं वाटतंय गोळीने. परवा दारात तीनच जोड होते.

नेत्राताई

---

इचिकावा
१४ जानेवारी २०२५

तन्वी,

फोन केला होता, तुझ्या स्वप्निलने घेतला. त्याने सांगितलं असेलच. पण कागद पाठवायचा आहे म्हणून लिहिते.

सहा तारखेला, सोमवारी सकाळी, काका घरात पडले. खांद्याला मार आहे, हाड मोडलेलं नाही. योकोहामाच्या मोठ्या हॉस्पिटलात नेलं. तिथे अनोळखी खोली, हाताला सलाईन. त्यांना माणसं दिसायला लागली आणि ते मराठीत ओरडायला लागले. नर्सना एक अक्षर कळेना. पंचेचाळीस वर्षांचं जपानी गेलं कुठे कोण जाणे. शांत करायला इंजेक्शन दिलं, दुसऱ्या दिवशी परत दिलं, तिसऱ्या दिवशी गोळ्या वाढवल्या.

आता ते शांत आहेत. हात वाकत नाहीत, घास गिळता येत नाही, आणि मी समोर बसले तरी माझ्या मागच्या भिंतीकडे बघतात. मी रोज जाते. त्यांच्या हनुवटीखाली टॉवेल धरते आणि परत येते.

हॉस्पिटल म्हणतं की खांदा बरा झाला, आता त्यांना मनोरुग्णांच्या हॉस्पिटलात हलवू. तिथली मुदत ठरलेली नसते. त्याला घरच्या माणसाची सही लागते आणि कायद्याने ते माणूस तू आहेस. मी मावसपुतणी, माझी चालत नाही. फॉर्म आणि हॉस्पिटलचा कागद सोबत जोडलाय. फॉर्ममधल्या मुख्य ओळींचं मराठी करून दिलंय. सही करण्याआधी नीट विचार कर.

नेत्राताई

---

पुणे
१९ जानेवारी २०२५

नेत्राताई,

तू हॉस्पिटलच्या कागदाचं मराठी केलं नाहीस. मला सांभाळून घेण्यासाठी केलं नाहीस, हे कळलं. पण जपानी नावाशेजारी कंसात कोड होता, आणि तो मला कुठल्याही भाषेत वाचता येतो.

F20.9. स्किझोफ्रेनिया.

मी कागद मोठा करून पाहिला. नावामागे 'संशयित' नाही. तुझ्या पहिल्या पत्रातला 'उतागाई' मी तेव्हा शोधून पाहिला होता, त्यामुळे ती चिन्हं मला ओळखता येतात. म्हणजे ठरलेलं आहे. खाली 'पूर्वीपासून' अशा अर्थाचा शब्द आहे, तो मी फोनवर भाषांतर करून वाचला.

ताई, मी खुर्चीत बसून राहिले. नऊ वर्षं दुसऱ्यांच्या बापांचे कोड तपासतेय आणि स्वतःच्या बापाचा मला कधी सुचला नाही. हे सतराव्या वर्षी सुरू होतं, पंचविसाव्या वर्षी होतं. सत्याहत्तराव्या वर्षी एकदम उगवत नाही. ते तेव्हापासून आजारी असणार. आईला माहीत असणार, म्हणून ती मला घेऊन निघाली आणि म्हणून कधी बोलली नाही. ते आले नाहीत कारण त्यांना येता आलं नाही. दहाव्याला आले तेव्हा कुणाच्या नजरेला नजर देत नव्हते, मी त्याला उर्मटपणा समजले.

मी रडले. चांगलं तासभर रडले. स्वप्निल घाबरला. बत्तीस वर्षांत त्यांच्यासाठी पहिल्यांदा. मग ट्रंकेतून त्यांचा फोटो काढला, योकोहामाच्या धक्क्यावरचा, मी त्यांच्या खांद्यावर बसलेय तो. बाहेरच्या खोलीत लावलाय. अनिशने विचारलं हे कोण, मी म्हटलं तुझे आजोबा, ते आजारी होते, म्हणून आपल्याकडे नव्हते. किती सोपं वाक्य आहे ते. माझ्या लहानपणी मला कुणी म्हटलं असतं तर!

फॉर्मवर सही करून कुरिअरने पाठवलाय. त्यांना जिथे उपचार मिळतील तिथे ठेवा. आता मला राग नाही, हे त्यांना सांग. ऐकू येत नसलं तरी सांग.

आणखी एक. अनिश दार लावून एकटाच बोलतो, ते मी आजवर गेम समजत होते. हा आजार रक्तातून येऊ शकतो. फेब्रुवारीच्या चौदा तारखेला त्याला मानसोपचार डॉक्टरांकडे नेतेय. लवकर कळलेलं बरं.

तुझी तन्वी

---

इचिकावा
३ फेब्रुवारी २०२५

तन्वी,

फॉर्म मिळाला. हलवायची तारीख बारा ठरलीय. काका तसेच आहेत. राग नाही, हा तुझा निरोप सांगितला. डोळ्यांची उघडझाप केली, पण ती ते एरवीही करतात.

इकडे थंडी फार आहे. अनिशला घाईने डॉक्टरकडे नेऊ नकोस असं मला वाटतं. मुलं बोलतात एकटी.

नेत्राताई

---

इचिकावा
८ फेब्रुवारी २०२५

तन्वी,

पाच दिवस झाले, फॉर्म माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. हॉस्पिटलने दोनदा विचारलं, मी दोनदा खोटं बोलले की कुरिअर पोचलं नाही. आता लिहिते. मध्येच थांबले तर परत लिहिणार नाही, म्हणून एका दमात.

काकांना स्किझोफ्रेनिया नाही. कधीच नव्हता. ते नाव मी टाइप केलं.

डिसेंबरमध्ये सेन्सेईंनी ती अर्धी गोळी दिली. विम्याच्या यादीत ती गोळी स्किझोफ्रेनियावर चालते, लेवीवर चालत नाही. आणि संशयित लिहून औषध पास होत नाही, संशयावर फक्त तपासण्या पास होतात. म्हणून मी सेन्सेईंना विचारलं, "नेहमीचं नाव लावू?" ते पुढच्या पेशंटचं कार्ड वाचत होते. त्यांनी मान डोलावली. सगळीकडे असंच करतात गं, म्हाताऱ्यांना ही गोळी दिली की हे नाव. मी स्वतः आजवर वीसेक जणांना लावलं असेल. लेवीचा संशय तसाच ठेवला असता तर दोन नावांचा मेळ बसत नाही म्हणून क्लेम परत आला असता. मी तो त्या महिन्यापुरता काढला. जानेवारीत हे नाव बंद करून ते परत घालणार होते. क्लिनिक सुट्टीसाठी बंद झालं आणि राहिलं.

सहा तारखेला हॉस्पिटलातून फोन आला की पेशंटची माहिती फॅक्स करा. काउंटरला मीच होते. काका पडले एवढंच डोक्यात होतं. कॉम्प्युटरवरून कागद काढला आणि पाठवला. वाचला नाही. मी घातलेलं नाव मी वाचलं नाही.

हॉस्पिटलच्या डॉक्टरांसमोर ओरडणारा म्हातारा होता आणि हातात स्किझोफ्रेनियाचा कागद होता. त्यांनी त्या नावाचं औषध दिलं, त्या नावाच्या मापाने. लेवीच्या माणसाला ते औषध विषासारखं लागतं. हे त्यांना माहीत होतं, पण लेवी कागदावर नव्हतंच. 'पूर्वीपासून' हा शब्द त्यांनी माझ्या फॅक्सवरूनच घातला.

तुझं एकोणिसाव्या तारखेचं पत्र आलं तेव्हाच मला हे सांगायला हवं होतं. तू फोटो लावलास, रडलीस. मला वाटलं, राहू दे. काका आता काय बोलणार आहेत, क्लिनिकचंही नाव राहील, आणि तुला तुझे बाबा मिळालेत. माझी भीती मी तुझ्या सुखाखाली झाकली. मग अनिशचं डोक्यात येत राहिलं. त्याला चौदा तारखेला डॉक्टर विचारतील, घराण्यात कुणाला आहे का, आणि तू हो म्हणशील. मग ते त्याच्या कागदावर जाईल.

आज सकाळी हॉस्पिटलात जाऊन त्यांच्या डॉक्टरांना सगळं सांगितलं. त्यांनी माझा फॅक्स काढून पाहिला. मग इंजेक्शन आणि गोळ्या बंद करायला सांगितल्या. फॉर्म तुझ्या नावाचा आहे, म्हणून मी फाडला नाही. तू सांगशील ते करीन.

मला माफ कर, असं लिहीत नाही. मागायची लाज वाटते.

नेत्रा

---

पुणे
१० फेब्रुवारी २०२५

नेत्राताई,

फॉर्म फाड.

अनिशची चौदाची वेळ रद्द केली. त्याला सांगितलं की डॉक्टरकडे जायचं नाही. 'बरं' म्हणाला आणि दार लावून घेतलं.

मनातल्या मनात तुझ्यावर ओरडून पाहिलं. जमलं नाही. तुझी चूक मी कशी तपासली असती तेही पाहिलं. आमच्याकडे अशा चुकीला शंभरापैकी शून्य देतात, आणि मग आम्ही पुढचा चार्ट उघडतो.

वीस दिवस मला असे बाबा होते की ज्यांना माफ करता येत होतं. ते परत गेले. आता पुन्हा तेच आहेत, ज्यांना यायला काही अडचण नव्हती. फोटो काढला नाही. भिंतीवर आहे. मी त्याच्याकडे न बघता भाजी चिरते. परत काही वाटेनासं झालंय, आणि या वेळी ते मला कळतंय.

मी म्हटलं होतं की तू विचारू नकोस. आता विचार. बोलायला लागले तर. तन्वी विचारतेय की तुम्ही का आला नाहीत. ते जे म्हणतील ते जसंच्या तसं लिही. मऊ करू नकोस. मला कारण समजावून सांगू नकोस. डॉक्टरांनी काय नाव दिलंय तेही नको. फक्त ते काय म्हणाले ते.

तन्वी

---

इचिकावा
२ मार्च २०२५

तन्वी,

औषधं बंद करून तीन आठवडे झाले. दुसऱ्या आठवड्यात हात वाकायला लागले. आता दाटसर पेज गिळतात. चालतील असं डॉक्टरांना वाटत नाही. मनोरुग्ण हॉस्पिटल रद्द झालं. व्यायामाच्या केंद्रात जागा मिळालीय, चौदा तारखेपासून.

क्लिनिकने ते नाव कागदावरून काढून टाकलं. ओबारा-सेन्सेई हॉस्पिटलात येऊन काकांच्या पलंगासमोर कमरेत वाकून माफी मागून गेले. काकाही झोपल्या झोपल्या मान वाकवायला बघत होते. मी राजीनामा दिला, सेन्सेईंनी ठेवून घेतलाय, अजून उत्तर दिलेलं नाही. काउंटरवर बसते, पण नावं दुसरी बाई घालते.

काल दुपारी ते शुद्धीत होते. मला ओळखलं, सईचं विचारलं. मी खुर्ची जवळ ओढली आणि तुझं वाक्य तुझ्याच शब्दांत सांगितलं. तन्वी विचारतेय की तुम्ही का आला नाहीत.

त्यांना प्रश्न कळला. दोनदा सांगावा लागला नाही. खिडकीकडे बघत राहिले, एक नर्स येऊन सलाईन बघून गेली. मग मराठीत बोलले. आवाज अगदी बारीक, पण शब्द स्पष्ट होते. तू म्हणालीस तसं, एकही शब्द इकडेतिकडे न करता लिहिते.

"दरवर्षी यायचंच होतं. मग तुम्ही नसण्याची सवय झाली."

नेत्रा